ओव्हनमधून मऊ, सकाळी कडक: ओटमील कुकीजचं गणित कुठे बिघडतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कुकीज ओव्हनमधून काढल्यावर अर्धा तास छान लागतात, पण रात्री डब्यात भरून ठेवल्या की सकाळी कडक होतात. ओट्स तुम्ही मिक्सरमधून फिरवून घेता. साखर पाककृतीत लिहिलेल्याच्या निम्मी घालता, तीही पिठीसाखर. मग १८० अंशांवर १८ ते २० मिनिटं, मधला भाग बोटाने दाबल्यावर घट्ट लागेपर्यंत भाजता. एकदा दोन चमचे जास्तीचं दूध घालून पाहिलंत, तर कुकीज केकसारख्या फुगल्या आणि दुसऱ्या दिवशी तरीही कोरड्याच निघाल्या. आता बटर वाढवू की दूध, असं विचारताय.

दोन्ही नको. ओलावा तुम्ही पुरेसा घालताय. त्यातला बराचसा ओव्हनमध्येच उडतोय, आणि जो उरतो त्याला धरून ठेवणारं तुमच्या मिश्रणात फारसं काही नाही. वरून दूध ओतलं तर तेही त्याच वाटेने जाणार, जाताजाता कुकी फुगवून.

मी कुकीज करून विकते आणि शिकवतेही. 'मऊ राहत नाहीत' अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांची कुकी मी आधी उलटी करून बघते. बहुतेक वेळा बूड गडद तपकिरी असतं, म्हणजे तीन-चार मिनिटं जास्त झालेली असतात. तुमचं वाचूनही पहिला संशय तिथेच गेला. पण साखरेचं प्रकरण तितकंच मोठं आहे, आणि ओट्सचं थोडं त्याखालोखाल. तेव्हा सगळंच सांगते. आधी मी वापरते ते प्रमाण देते, कारण पुढचा हिशेब त्यावर आहे.

वितळवून कोमट केलेलं अनसॉल्टेड बटर ११५ ग्रॅम, ब्राऊन शुगर १५० ग्रॅम, साधी साखर ५० ग्रॅम, एक अख्खं अंडं आणि शिवाय एक बलक, व्हॅनिला इसेन्स एक छोटा चमचा, मैदा १२५ ग्रॅम, जाड रोल्ड ओट्स १५० ग्रॅम, बेकिंग सोडा, मीठ आणि दालचिनीची पूड प्रत्येकी अर्धा छोटा चमचा, आणि मनुके १०० ग्रॅम. यात ४५ ग्रॅमचे सतरा गोळे होतात.

आता यातलं पाणी मोजू. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं, म्हणजे १८ ग्रॅम. अंडं आणि जास्तीचा बलक मिळून ४७ ग्रॅमच्या आसपास. मैदा आणि ओट्स हाताला कोरडे लागतात, पण त्यांच्यातही मिळून तीसेक ग्रॅम ओल असते. ब्राऊन शुगरमध्ये दोन-तीन ग्रॅम. मनुके बाजूला ठेवले तर अख्ख्या मिश्रणात जेमतेम १०० ग्रॅम पाणी आहे. सतरा जणींत वाटलं की एकीच्या वाट्याला सहा ग्रॅमही येत नाही.

माझ्या ट्रेवरचा ४५ ग्रॅमचा गोळा भाजून निघतो तेव्हा ४१ ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे चारेक ग्रॅम वाफ होऊन गेली. उरलेल्या दोनेक ग्रॅमवर आणि मनुक्यांमधल्या ओलीवर त्या कुकीचा सगळा मऊपणा अवलंबून असतो. ती आणखी पाच-सहा मिनिटं आत राहिली तर यातलंही बरंचसं जातं. तुमच्या बाबतीत मला हेच होताना दिसतंय.

मग ओव्हनमधून काढल्यावर ती मऊ का लागते? कारण गरम कुकी मऊच असते, कितीही भाजलेली असो. गरम असताना बटर पातळ असतं, साखरेचा पाक असतो, मैद्याचा स्टार्च लिबलिबीत असतो. थंड होताना बटर गोठतं, पाकातली साखर पुन्हा स्फटिक धरू लागते, स्टार्च आवळत जातो. त्यामुळे गरम कुकी चाखून काढलेला कुठलाही निष्कर्ष बाद धरा. मी नव्या प्रमाणाचा घाणा दुसऱ्या दिवशी सकाळीच चाखते आणि त्याआधी त्याविषयी मत देत नाही. (घरातली माणसं एवढी थांबत नाहीत, म्हणून दोन कुकीज आधीच लपवाव्या लागतात.)

तर पहिला मुद्दा वेळेचा. मधला भाग घट्ट लागेपर्यंत थांबणं ही केकची सवय आहे. कुकीला ती लावली की कुकी हमखास जास्त भाजली जाते. १७५ अंशांवर, तळहाताच्या मध्यात मावेल एवढ्या ४५ ग्रॅमच्या गोळ्याला १० ते १२ मिनिटं लागतात. त्यातही घड्याळापेक्षा काचेतून बघणं महत्त्वाचं. पहिली पाच-सहा मिनिटं गोळा नुसता बसत जातो. आठव्या मिनिटाच्या सुमारास कडेची चकाकी जाते, कड मॅट दिसू लागते, पण मधला रुपयाएवढा भाग अजून ओला आणि चमकदार असतो. पुढच्या दोन मिनिटांत पृष्ठभागाला बारीक भेगा पडतात, कड सोनेरी होते आणि तो चमकणारा ठिपका आक्रसत जातो. ठिपका जवळजवळ गेलाय पण मध्य अजून कच्चट वाटतोय, अशा वेळी ट्रे बाहेर काढायचा. कडेला बोट लावलं तर ती आकार धरून असते, मध्याला लावलं तर खळगा पडतो. इथे सगळ्यांचाच हात थरथरतो आणि 'अजून दोनच मिनिटं' असं म्हणून दार पुन्हा बंद होतं. ते करू नका. ट्रे तापलेला असतो, त्यावर कुकी पाच-सहा मिनिटं तशीच राहू द्या, मध्य तेवढ्यात सावरतो. मग उलथन्याने उचलून जाळीवर. त्याहून जास्त वेळ ट्रेवर ठेवलीत तर बूड भाजतच राहतं.

अंडं कच्चं राहील अशी धास्ती असते. अंड्याच्या पदार्थांसाठी सुरक्षित मानलेलं आतलं तापमान ७१ अंश आहे आणि अशी मऊ कुकीही ओव्हनमधून निघताना त्याच्या वर गेलेली असते. सुईचा थर्मामीटर असेल तर मध्यात खुपसून खात्री करून घ्या. न भाजलेलं मिश्रण चाटायचा मोह मात्र आवरा. त्यात कच्चं अंडं आहे, आणि कच्चा मैदाही तसाच खाण्याजोगा नसतो.

कमी तापमानावर हळूहळू भाजलं तर मऊ राहतील असंही पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात उलट घडतं. १५० अंशांवर गोळा आकार धरायच्या आधी पसरून पातळ होतो, आणि रंग येईपर्यंत त्याला इतका वेळ आत राहावं लागतं की तो पार सुकतो. कड पटकन बसावी आणि मध्याला सुकायला वेळच मिळू नये, यासाठी उष्णता बऱ्यापैकी हवी आणि वेळ थोडा.

आता साखर. इथे तुम्हाला न आवडणारं बोलावं लागणार आहे. निम्मी साखर ही मऊ ओटमील कुकी राहत नाही, तो वेगळाच पदार्थ होतो. साखर गोडीसाठी असते हे खरं, पण कुकीत तिचं दुसरं काम पाणी धरण्याचं आहे. मिश्रणातलं पाणी साखर स्वतःकडे ओढून घेते, त्यामुळे मैद्यातल्या स्टार्चला ते पुरेसं मिळत नाही आणि तो पूर्ण फुलून घट्ट बसत नाही. साखर कमी केली की ते पाणी स्टार्चकडे जातं. स्टार्च फुलतो, कुकीला केकचा किंवा पावाचा पोत येतो, आणि असा पोत एका रात्रीत शिळा पडतो. दूध घातल्यावर तुमच्या कुकीज फुगल्या त्या यामुळेच.

साखर कुठली हेही तितकंच महत्त्वाचं. साधी पांढरी साखर म्हणजे जवळजवळ शुद्ध सुक्रोज. ती थंड झाल्यावर पुन्हा स्फटिक धरते आणि कुकीला कुरकुरीतपणा देते. ब्राऊन शुगर म्हणजे तीच साखर, वर मोलॅसिसचा, म्हणजे साखर तयार करताना उरणाऱ्या काळपट दाट पाकाचा लेप. मोलॅसिसमध्ये थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं. हे दोघे सुक्रोजला सुखाने स्फटिक धरू देत नाहीत, आणि फ्रुक्टोज तर हवेतली ओलही खेचून घेतं. चावताना जी किंचित ओढ लागते ती मोठ्या प्रमाणात या न गोठलेल्या पाकाची असते. म्हणून माझ्या प्रमाणात तीन भाग ब्राऊन आणि एक भाग पांढरी आहे. पांढरी पूर्ण काढून टाकत नाही, कारण तिच्याशिवाय कड खुसखुशीत होत नाही आणि सगळी कुकी एकसारखी मऊ लागून कंटाळा येतो. हे अर्थात माझ्या आवडीचं. तुम्हाला कडेपर्यंत मऊ हवी असेल तर दोनशेच्या दोनशे ग्रॅम ब्राऊन घाला.

ब्राऊन शुगर मिळत नसेल तर २०० ग्रॅम साध्या साखरेत एक मोठा चमचा मोलॅसिस घालून हाताने चोळा, पाच मिनिटांत घरीच तयार होते. मोलॅसिसही नसेल तर पांढऱ्या साखरेतली ३० ग्रॅम कमी करून तेवढा मध घाला. मधातही ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच असतं, त्यामुळे तो तेच काम करतो. फक्त मधाने रंग लवकर चढतो, नवव्या मिनिटापासूनच ओव्हनवर नजर ठेवा. पिठीसाखर मात्र इथे बंद करा. ती लगेच विरघळते आणि मिश्रण जसं पसरायला हवं तसं पसरत नाही. शिवाय तयार पिठीसाखरेत बऱ्याचदा कॉर्नफ्लॉवर मिसळलेलं असतं, म्हणजे साखर मोजताना तुम्ही नकळत स्टार्चही घालताय.

साखर कमी करायचीच असेल तर २०० वरून १६० पर्यंत या, आणि ती सगळी ब्राऊन घ्या. तिथपर्यंत पोत बऱ्यापैकी राहतो. त्याखाली जायचं असेल तर मऊपणाची अपेक्षाही खाली आणावी लागेल. त्यापेक्षा नेहमीच्या प्रमाणाची एकच कुकी खाणं मला जास्त पटतं, पण तो तुमचा प्रश्न.

ओट्सकडे येऊ. रोल्ड ओट्स म्हणजे ओटचे दाणे वाफवून रुळांखाली दाबलेले. क्विक ओट्स तसेच, पण आधी कापून बारीक केलेले आणि जास्त पातळ दाबलेले. इन्स्टंट त्याहून पातळ. स्टील-कट म्हणजे दाबलेले नव्हेत, दाण्याचे नुसते तुकडे, आणि या कुकीत ते दहा-बारा मिनिटांत शिजत नाहीत, खड्यासारखे दाताखाली येतात. जाड ओट्स पाणी हळूहळू पितात आणि भाजल्यावरही त्यांची पापडी शाबूत राहते. कुकी चावताना दात त्या पापडीतून जातात, त्यातूनच तो भरीव चावा येतो. तुम्ही मिक्सरमधून फिरवता तेव्हा ती पापडीच नाहीशी होते. वर त्या पिठाला पाणी प्यायला कितीतरी जास्त पृष्ठभाग मिळतो, म्हणून ते सगळी ओल भराभर शोषतं आणि मिश्रण कोरडं पडतं. अख्खे ओट्स कच्चे लागतात म्हणून वाटत असाल तर त्याचं कारण पुढच्या परिच्छेदात आहे. फारच जाड वाटत असतील तर एक तृतीयांश ओट्स मिक्सरमध्ये दोनदा नुसते झटके देऊन मोडा, बाकीचे अख्खे ठेवा. घरात फक्त क्विक ओट्स असतील तर तेही चालतात, पण दहा-पंधरा ग्रॅम कमी घ्या आणि कुकी जरा एकजीव, दाट होईल हे धरून चाला.

अख्खे ओट्स कच्चे लागतात, कारण त्यांना भिजायला वेळ मिळालेला नसतो. मिश्रण कालवल्या कालवल्या भाजायला गेलं तर ओट्स कोरडेच ओव्हनमध्ये जातात. मग ते तिथे थोडं पाणी पितात आणि उरलेलं डब्यात, रात्रभर, कुकीच्या बाकीच्या भागातून ओढत बसतात. कुकी सकाळी कोरडी होण्यामागे हाही एक हात असतो. म्हणून मिश्रण झाकून फ्रीजमध्ये निदान तासभर ठेवायचं, जमलं तर रात्रभर. ओट्स आणि मैदा अंड्यातलं पाणी पिऊन घेतात, बटर घट्ट होतं त्यामुळे कुकी कमी पसरते आणि मधोमध जाड राहते, आणि चवही मुरते. ठेवण्यापूर्वी आणि नंतर मिश्रणातून ओटची एक पापडी काढून चिमटीत वाकवून बघा. आधी ती कट्कन तुटते. तासाभराने मधून मोडते पण तुकडे सुटत नाहीत. दुसऱ्या दिवशी ती नुसती वाकते. ती वाकायला लागली की मिश्रण भाजायला तयार आहे, मग तास किती झाले ते मोजायची गरज नाही.

रात्रभर ठेवलेलं मिश्रण दगडासारखं घट्ट होतं. त्यामुळे गोळे आधीच वळून ट्रेवर, झाकून फ्रीजमध्ये ठेवलेले बरे. भाजायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढा आणि तळव्याने किंचित दाबा, नाहीतर ते गोळ्याच्या आकारातच भाजले जातात.

बटर, अंडं आणि मैदा यांच्याबद्दल थोडक्यात. बटर वितळवून घेतलं तर कुकी दाट आणि चावायला भरीव होते. साखरेबरोबर फेटून घेतलं तर त्यात हवा शिरते आणि कुकी हलकी, केकच्या अंगाने जाणारी होते. तुम्हाला हवीय ती पहिली. फक्त वितळवलेलं बटर कोमट होऊ द्या, कढत घातलंत तर अंडं शिजून त्याचे कण होतील. अंड्याचा पांढरा भाग भाजल्यावर कोरडा आणि ताठ होतो, बलकात चरबी आणि लेसिथिन (चरबी आणि पाणी एकत्र धरणारा घटक) असतं ते पोत मऊ ठेवतं, म्हणून दुसऱ्या अंड्याचा फक्त बलक. अंडं चालत नसेल तर एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून अख्ख्या अंड्याच्या जागी घाला आणि बलकाच्या जागी एक मोठा चमचा दूध. कुकी मऊ होते, पण ओढ जरा कमी लागते आणि मोडायला नाजूक असते.

मैदा मात्र वजनावरच घ्या. कप पिठात खुपसून भरला तर त्यात १५० ग्रॅम सहज मावतो, चमच्याने हलकेच भरून वरून सुरीने सपाट केला तर १२०-१२५. पंचवीस ग्रॅमचा हा फरक एवढ्याशा पाण्याच्या हिशेबात फार मोठा आहे. मिश्रण हाताला चिकटतं म्हणून वरून मूठभर मैदा भुरभुरवणं हाही त्यातलाच प्रकार. ते चिकटणारच. फ्रीजमध्ये ठेवलं की सुटतं. कणीक वापरायची असेल तर मैद्याच्या एक तृतीयांशापर्यंत बदला. कोंडा जास्त पाणी पितो, त्यामुळे रात्रभर मुरणं अशा वेळी सक्तीचं समजा. आणि मैदा घातल्यावर फेटू नका, कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत उलथन्याने वरखाली करा, बस्स.

बेकिंग सोड्याच्या जागी बेकिंग पावडर टाकू नका. ब्राऊन शुगर किंचित आम्लधर्मी असते, सोडा तिच्याशी जुळतो. सोड्याने मिश्रण थोडं उशिरा बसतं, म्हणून नीट पसरतं आणि रंगही चांगला येतो. पावडरने कुकी फुगते. सोडा वाढवला तर साबणासारखी चव येते, तेव्हा अर्धा छोटा चमचा म्हणजे अर्धाच.

आता जे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि जे मी इथे बसून सांगू शकत नाही ते. ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत दहा-वीस अंशांचा फरक असणं अगदी नेहमीचं आहे. आत ठेवायचा छोटा ओव्हन-थर्मामीटर घ्या, बेकिंगसाठी दुसरं काही घेण्याआधी तो घ्या. पंखा चालू असेल तर १७५ ऐवजी १६० वर भाजा, कारण फिरणारी हवा कुकी लवकर सुकवते. तुमचा ओव्हन लहान असेल तर कॉइल कुकीच्या फार जवळ येते, मग ट्रे मधल्या किंवा त्याच्या खालच्या खाचेत ठेवा. ओव्हन तापल्याचा दिवा लागला तरी आणखी दहा मिनिटं थांबा, भिंती तापायला वेळ लागतो. काळा ट्रे उष्णता जास्त घेतो आणि बूड लवकर भाजतो, तो असेल तर एक-दीड मिनिट आधी काढा. ट्रेला तूप-तेल चोपडू नका, कुकी घसरून पसरते, बेकिंग पेपर घाला. दुसरा घाणा गरम ट्रेवर मांडू नका, ओव्हनमध्ये जायच्या आधीच गोळे वितळू लागतात. आणि उंचावर, डोंगराळ भागात राहत असाल तर पाणी लवकर उडतं, तिथे वेळ आणखी कमी करून बघावी लागेल.

गोळ्याचा आकारही बघा. तुम्ही किती ग्रॅमचा करता ते लिहिलं नाहीत. वीस ग्रॅमच्या गोळ्याला मऊ मध्य असा राहतच नाही, कड बसेपर्यंत आतपर्यंत सगळा भाजून होतो. ४५-५० ग्रॅम हवाच. त्याहून छोटी कुकी मऊ हवी असेल तर ती सात-आठ मिनिटांत काढावी लागते आणि तिथे अर्ध्या मिनिटाची चूकही महागात पडते.

हे सगळं एकदम बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. पुढच्या घाण्याला फक्त वेळ बदला. तुमच्याच प्रमाणाने, तुमच्याच पद्धतीने करा, पण काचेतून बघत दहा-अकरा मिनिटांना काढा. त्याच्या पुढच्याला साखर सुधारा. मग ओट्स अख्खे ठेवून मिश्रण मुरवा. माझा अंदाज असा की पहिल्या बदलानेच सकाळची कुकी बोटाने वाकेल, आणि साखरेच्या बदलानंतर ती तिसऱ्या दिवशीही वाकेल.

मनुक्यांची एक गंमत आहे. कोरडे मनुके घातले तर ते कुकीतलं पाणी पितात, भिजवलेले घातले तर देतात. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, निथळा आणि कापडावर अगदी कोरडे टिपून घ्या. टिपायचं राहिलं तर मनुक्याभोवती ओल धरते आणि तिथली कुकी गिच्च होते. मनुके आवडत नसतील तर चॉकलेटचे तुकडे घाला. ते पाणी घेतही नाहीत आणि देतही नाहीत, त्यामुळे मनुक्यांकडून मिळणारी थोडी ओल मात्र हातची जाते. अशा वेळी वेळेबाबत जास्त काटेकोर राहा. मला स्वतःला ओटबरोबर मनुकेच आवडतात, चॉकलेट दालचिनीला दाबून टाकतं.

साठवणीबद्दल तुम्ही 'डब्यात भरल्या' एवढंच लिहिलंत. पूर्ण थंड झाल्यावरच भरा, कोमट भरल्या तर वाफ झाकणाला धरते आणि वरच्या कुकीज ओल्या, चिकट होतात. डबा हवाबंद हवा. त्यात पावाचा एक तुकडा टाकून ठेवण्याची जुनी युक्ती खरंच चालते, कुकी पावातली ओल खेचून घेते, सकाळी पाव वाळलेला मिळतो. तुकडा दोन दिवसांनी बदला, बुरशी धरू देऊ नका. कुरकुरीत बिस्किटं त्याच डब्यात ठेवू नका, ती नरम पडतील आणि या कडक होतील. फ्रीजमध्ये ठेवू नका, फ्रीजच्या तापमानाला स्टार्च जास्त लवकर आवळतो. जास्त दिवस ठेवायच्या असतील तर सरळ फ्रीझर.

त्याहून सोयीचं म्हणजे न भाजलेले गोळेच फ्रीझरमध्ये ठेवणं. ट्रेवर सुटे गोठवून मग पिशवीत भरा, दोन-तीन महिने सहज राहतात. लागतील तेवढेच काढा, वितळू न देता त्याच तापमानावर भाजा, एक-दोन मिनिटं जास्त लागतील. तुमच्यासाठी याचा आणखी एक उपयोग आहे. पुढच्या वेळी तीन गोळे बेकिंग पेपरवर मांडा, एक नऊ मिनिटांनी उचला, एक साडेदहाला, एक बाराला. प्रत्येक गोळा आधी आणि कुकी पूर्ण थंड झाल्यावर वजन करा. स्वयंपाकघरातल्या काट्याला एक ग्रॅमच्या आतलं दिसत नसेल तर मिनिटागणिक तीन-तीन कुकीज एकत्र मोजा. तिन्ही प्रकार वेगवेगळ्या डब्यांत रात्रभर ठेवा आणि सकाळी मधून वाकवा. जी न तुटता वाकते तिचं वजन किती घटलं होतं ते लिहून ठेवा, तुमच्या ओव्हनचा आणि तुमच्या प्रमाणाचा आकडा तोच. वजन पाच ग्रॅमहून जास्त घटून तुमच्या सगळ्या कुकीज तुटत असतील तर वेळ आणखी कमी करा. घट चार ग्रॅमच्या आत असून तरीही सकाळी कडक होत असतील, तर मग वेळेला दोष देता येणार नाही, साखर निम्म्यावरून वर आणावीच लागेल. तसं झालं तर गोळ्याचं वजन, दोन्ही आकडे आणि कुकीच्या बुडाचा फोटो टाका, म्हणजे पुढचं सांगता येईल.